एक जूनच्या पोरी

७८६
मु. कारंजवाडी, ता. तुळजापूर
१७ जानेवारी १९६५

बेटी ताहेरा हिला अब्बा-अम्मीची भरभरून दुआ.

तुझं कार्ड परवा मिळालं. इथं सगळे खुशाल. रोजे चालू आहेत, त्यामुळं दुपारनंतर माझं डोकं चालत नाही आणि तुझ्या अम्मीचं तोंड थांबत नाही. शेळी व्याली, दोन पिल्लं. त्यातलं काळं माझ्या टोपीवर बसून गेलं, तरी तुझी अम्मी मलाच म्हणते, टोपी खाली ठेवायची असते का!

लातूरला थंडी जास्त म्हणतेस. खिडकीजवळची खाट घेऊ नको म्हणून निघताना तीनदा सांगितलं होतं. ऐकशील तर शपथ. गोधडी पाठवतो आहे.

शाळेची तपासणी झाली. साहेबांनी चौथीच्या पोराला विचारलं, आपल्या राज्याची राजधानी कोणती? पोरगं ठणकावून म्हणालं, हैदराबाद! त्याच्या आज्यानं शिकवलेलं. साहेब माझ्याकडं असे बघतात, जसं काय मीच निजामाला दप्तरात लपवून ठेवलंय. हसू आलं, पण रोज्यात हसायलाही ताकद लागते.

तू सत्यभामेचं विचारलंस. सापडली ते दिवाळीत लिहिलंच होतं. तू जूनमध्ये मास्तरणीच्या ट्रेनिंगला गेलीस आणि ती आषाढात गेली. हिंमतराव मुकादमानं कडूबाईला सांगितलं, पोरीला सोलापूरच्या गिरणीत कामाला लावतो. बाई विधवा, हातात जमीन दीड एकर, तिनं विश्वास ठेवला. पोलिसांना पोर सापडली ती भलत्याच शहरात, आणि कुठल्या गल्लीत ते मी पोरीच्या पत्रात लिहिणार नाही. अठराच्या आतल्या मुलीला असं फूस लावून नेणं, विकणं, विकत घेणं, तिन्हीला कडक सजा आहे म्हणे. जमादार मिशीवर हात फिरवून म्हणाला, मास्तर, या खेपेला हिंमतराव सुटत न्हाय.

सत्यभामा घरातच असते. बोलत नाही. पाण्यालासुद्धा धाकटी चतुराच जाते. तुझी अम्मी इफ्तार झाली की तिकडं जाऊन बसते. संक्रांतीला कडूबाईनं तिळगूळ पाठवला, दरवर्षीसारखाच.

मलाही समन्स आलं आहे. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर घेऊन उस्मानाबादला कोर्टात हजर व्हा. त्यात काय असतं, नाव, बापाचं नाव, जन्मतारीख. जायचं, दाखवायचं, परत यायचं. तू त्यात डोकं घालू नको, अभ्यास कर.

तुझा अब्बा,
जैनोद्दीन

ता. क. तुझा शाळा सोडल्याचा दाखला नीट ठेव. कुणी बघायला मागितला तर आधी मला कळव.


७८६
कारंजवाडी
२० फेब्रुवारी १९६५

बेटी ताहेरा हिला दुआ.

ईद बरी झाली. तुझ्याविना शीरखुर्मा उरला. कडूबाईकडं डबा गेला होता, रिकामा परत आला तो तुरीच्या शेंगा घालून.

कोर्टाचं विचारतेस. परवा जाऊन आलो. जज्जसाहेब सज्जन माणूस, मला खुर्ची द्या म्हणाले. मी उभाच राहिलो. रजिस्टर दाखवलं, विचारलं त्याला उत्तर दिलं, दहा मिनिटांचं काम. सकिनाबी सुईणीचीही साक्ष झाली. तिला आरोपीच्या वकिलानं विचारलं, पोरीचा जन्म कोणत्या साली? म्हणाली, "साल मला काय म्हाईत बाबा, नळदुर्गाच्या वाटेनं फौजेचे रणगाडे गेले, त्याच्यानंतर दहा-बारा दिसांत." लोक हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं मला कळलं नाही. डॉक्टरनं सांगितलं, हाडांवरून वय सोळा ते अठरा, दोन वर्षं इकडंतिकडं.

परतीच्या एसटीत कडूबाई माझ्या शेजारीच बसली होती. फारसं बोलणं झालं नाही. तुळजापूरला गाडी बदलली. गर्दी फार.

तू पत्रात चार-चार प्रश्न लिहितेस, ते मला आवडत नाही. बापाला असं विचारत नसतात. मी काही वकील नाही आणि जज्जही नाही. निकाल लागेल तेव्हा लागेल.

अम्मीचा गुडघा दुखतो. ती हल्ली कमी बोलते.

जैनोद्दीन


७८६
कारंजवाडी
१ जून १९६५

बेटी ताहेरा,

दुआ तर आहेच, पण आज ती मागाहून घे, आधी हे वाच.

तीन महिने तुझं पत्र नाही. मे महिन्याची सुट्टी लागली, तू घरी आली नाहीस. अम्मी रोज एसटीच्या वेळेला दारात. मग परवा कार्ड आलं, त्यावर एकच ओळ. "अब्बा, माझी आणि सत्यभामेची तारीख एकाच पानावर आहे ना?"

आहे. पान सतरा. तू वरती, ती तुझ्या खाली. दोन्ही ओळी माझ्या हातच्या.

आज एक जून. माझ्या रजिस्टरात एकोणचाळीस पोरी आहेत, ज्या सगळ्या एक जूनला जन्मल्या. आज एकोणचाळीस वाढदिवस आहेत बघ गावात. गावाला पत्ता नाही.

हे कसं सुरू झालं ते ऐक. त्रेपन्न साली इथल्या एका बापानं बारा वर्षांच्या पोरीचं लग्न लावलं. कुणीतरी चुगली केली, बालविवाहाच्या सारदा कायद्याखाली चौकशी आली, आणि त्या म्हाताऱ्याला चावडीसमोर उन्हात दिवसभर उकिडवं बसवलं. वय कशावरून ठरलं? माझ्या रजिस्टरावरून. तो माणूस माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, मास्तर, दोन-तीन वर्षं जास्त लिवली असती तर तुमच्या बापाचं काय गेलं असतं? मला ते लई लागलं. त्यानंतर जी पोरगी पहिलीत आली तिला मी गुपचूप तीन वर्षं वाढवून लिहिली. बाराव्या वर्षी लग्न केलं तरी कागदावर पंधरा, म्हणजे कायद्यात बसतं. महिना-दिवस शोधत कोण बसतो, सगळ्यांना एक जून. आयाबापांनी मागितलं नव्हतं. मी आपलं पुण्य समजून करत गेलो. मास्तर मनाचा मोठा माणूस, असं गाव म्हणायचं, आणि मी ऐकून घ्यायचो.

कायदा पोरींसाठी होता, ताहेरा. मी बापांना त्यातून वाट काढून दिली. पोरी मी मोजल्याच नाहीत.

तुझ्या नावापुढं मात्र खरी तारीख आहे. बावीस सप्टेंबर एकोणीसशे अठ्ठेचाळीस. तुला मला शिकवायचं होतं, लवकर उजवायचं नव्हतं. दुसऱ्याच्या लेकीला लग्नाची सोय आणि माझ्या लेकीला खरं वय. हे लिहिताना मला माझी लाज वाटते.

त्या सप्टेंबरबद्दल तुला आम्ही कधी धड सांगितलं नाही. निजामाला पाडायला आलेली फौज पुढं गेली आणि मागनं गावोगाव आपल्या लोकांचं जे झालं ते आजही लिहीत नाही. एवढंच सांगतो, तुझ्या अम्मीचे दिवस भरलेले, आणि मी तिला घेऊन दाराला कडीसुद्धा न लावता निघालो. तीन दारं वाजवली. चौथं कडूबाईनं उघडलं. तिचेही दिवस भरलेले. "आत या, भाबीला आधी बसवा," एवढंच बोलली. तिचा नवरा धोंडीबा कुऱ्हाड घेऊन उंबऱ्यावर बसला तो पाच दिवस उठला नाही. सकिनाबीला त्यांनी कडब्याच्या खोलीत लपवलं होतं. त्या घरात तू जन्मलीस आणि तीन दिवसांनी सत्यभामा. अम्मीला ताप भरला, दूध आटलं. नऊ दिवस कडूबाईनं दोघींना अंगावर पाजलं. आपल्यात दुधाचं नातं रक्ताबरोबरीचं मानतात. ती तुझी बहीण आहे, मैत्रीण नव्हे.

तिच्या नावापुढं मी लिहिलं, एक जून पंचेचाळीस.

आता कोर्टाचं खरं सांगतो. फेब्रुवारीच्या पत्रात दहा मिनिटांचं काम लिहिलं होतं. त्या दहा मिनिटांत आरोपीच्या वकिलानं विचारलं, "मास्तर, अक्षर तुमचंच?" जी. "रजिस्टर नियमाप्रमाणं ठेवलेलं?" जी. "या तारखेप्रमाणं पळवली म्हणतात तेव्हा मुलगी एकोणीस वर्षांची होती?" हिशेबानं, जी. मग सरकारी वकील उठले. बिचारे तरुण होते, त्यांनी मला दोर टाकून पाहिला. "मास्तर, आठवून सांगा. ही तारीख तुम्हाला कुणी सांगितली?"

मी शपथ घेतली होती. खुदाला हाजिरनाजिर जाणून. कडूबाई समोर भिंतीला टेकून उभी होती. तिच्या मागं सत्यभामा, पदर कपाळापर्यंत. मला खरं बोलायचं होतं, ताहेरा. घरातून निघताना मी ठरवून निघालो होतो. पण त्या पिंजऱ्यात उभा राहिलो आणि डोळ्यांपुढं आलं, खोटं दप्तर लिहिणारा जैनोद्दीन मास्तर, नोकरी गेली, बेड्या, आणि वरून लोक म्हणणार, यांची जातच तशी. सतरा वर्षं मी या गावात मान खाली घालून, एक डाग लागू न देता राहिलो ते कशासाठी, असं वाटलं. जीभ आपोआप वळली.

मी म्हणालो, "पालकांनी सांगितली तशी लिहिली."

एसटीत कडूबाईनं फडक्यातली भाकरी सोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मास्तर, म्या कवा सांगितली वो ती तारीख?" मी म्हणालो, कोर्टात तसं सांगावं लागतं. ती "व्हय का" म्हणाली. भाकरी मी खाल्ली. घशाखाली उतरली, हे मला अजून खरं वाटत नाही.

पंधरा मार्चला निकाल लागला. मुलगी सज्ञान, राजीखुशीनं गेली, तसा अंगठ्याचा कागद हिंमतरावानं हजर केला होताच. निर्दोष. अठराच्या आत असती तर तिच्या राजीखुशीला कायदा विचारत नाही. सरकारी वकिलांनीच मला जिन्यात सांगितलं. सगळी केस त्या एका आकड्यावर उभी होती.

पुढचं तुला कुणी कळवलं नसेल.

एकोणीस एप्रिल. सकाळची शाळा. प्रार्थना झाली आणि दारात सत्यभामा उभी, चतुराचा हात धरून. दिवाळीनंतर पहिल्यांदा तिचा चेहरा मला उजेडात दिसला. हडकली होती. तिनं चतुराला वर्गात सोडलं, पाटी दिली, आणि माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "मास्तर, चतुरीची तारीख तरी खरी लिवलीव का?"

माझी नजर रजिस्टराच्या कपाटाकडं गेली. चतुरा अकराची आहे. कागदावर चौदाची.

तिला कळलं. तिनं मान हलवली आणि गेली. ओसरीवरून मी बघितलं, वडाखाली जीप उभी होती, हिंमतराव पुढच्या सीटवर विडी ओढत बसलेला. ती आपल्या पायांनी चालत गेली आणि मागं बसली. मी हाक मारली. मारली, खरंच मारली, पण पोरं पाढे म्हणत होती आणि माझा आवाज तो किती!

दुपारी कडूबाईकडून कळलं. तिला चतुरानं सांगितलं होतं. आदल्या दिवशी आई रानात असताना हिंमतराव दारात येऊन सत्यभामेला सांगून गेला होता, "कोर्टानं तुला मोठी ठरवली, आता तुला कोण अडवतो? तू येत नसशील तर धाकटीला नेतो. मास्तराच्या कागदावर तीबी मोठीच होत चाललीय." पोरगी आईला काही न बोलता पहाटे भाकरी थापून, बहिणीची वेणी घालून निघाली.

आम्ही ठाण्यावर गेलो. तोच जमादार. म्हणाला, "बाई, सज्ञान पोरगी हाय, कोर्टाचा शिक्का हाय. आमी काय करावं?" या खेपेला मिशीवर हात फिरवला नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर तुझ्या अम्मीनं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही कोर्टात काय बोललात ते मला कडूबाईनं सांगितलं नाही. सकिनाबीनं सांगितलं. कडूबाई अजून तुमची चुगली करत नाही." तेव्हापासून ती कामापुरतं बोलते. तिनं रडून, ओरडून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

माझ्यासारख्या माणसाला अक्कल यायला एवढं व्हावं लागतं. मी उस्मानाबादला त्या तरुण वकिलांकडं गेलो. त्यांच्यासमोर पान सतरा उघडलं. त्यांनी दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, सरकारतर्फे अपिलाची मुदत तेरा जूनला संपते. तुम्ही प्रतिज्ञापत्र करून दिलंत, सुईणीची जबानी जोडली, तर मी वर लिहितो. पण मास्तर, तुम्ही शपथेवर खोटं बोललात हे तुम्हीच लिहून देणार. नोकरी तर जाईलच, खटलाही होईल. आणि अपील दाखल होईलच असा भरवसा मी देत नाही.

उद्या सकाळी सातच्या गाडीनं मी आणि सकिनाबी जातो. एकोणचाळीसही पोरींची नावं लिहून तयार आहेत, सगळ्यात वर चतुराचं. तिची खरी तारीख सकिनाबीनं सांगितली. ती त्या वेळीही कुणी विचारली असती तर तिनं सांगितली असती.

तुला एक सांगायचं आहे. मी परवानगी मागत नाही, कळवतो आहे. ते वकील म्हणणार, हा मास्तर खोटाच, मग पोरीची तारीख तरी खरी कशावरून? तुझ्याही दाखल्याकडं बोट जाईल. ट्रेनिंगवाले विचारतील. वसतिगृहात कुजबूज होईल. तुझ्या बापाचं नाव वर्तमानपत्रात आलं तर मैत्रिणी वाचतील. तुला राग यावा. यायलाच पाहिजे. पण कुणी विचारलं तर खरं सांग, तुझ्याबद्दलही आणि माझ्याबद्दलही.

सत्यभामा कुठं आहे ठाऊक नाही. खऱ्या तारखेनं तिला अठरा पुरी व्हायला अजून पंधरा महिने आणि चोवीस दिवस आहेत. तेवढ्या दिवसांत कोर्टानं तिला लहान मानलं तर पोलीस दार ठोठावून तिला आणू शकतात. त्यानंतर नाही. मी रोज एक दिवस कमी करतो आहे.

आता शेवटचं. हे मी अम्मीलाही सांगितलेलं नाही.

पंचावन्न साली कडूबाई पोरीला घेऊन नाव घालायला आली होती. तू माझ्या टेबलापाशीच होतीस, तुझं नाव नुकतंच लिहून झालेलं, शाई ओली. मी विचारलं, जन्मतारीख? ती हसली. म्हणाली, "मला इचारता व्हय मास्तर? तुमच्याच पोरीची लिवा, आन् म्होरं तीन दिस घाला."

कोर्टात मी सांगितलं ना, पालकांनी सांगितली तशी लिहिली. पालकानं सांगितली होती, ताहेरा. अचूक सांगितली होती. तिनं तीन दिवस पुढं घाला म्हणून सांगितलं आणि मी हसत हसत तीन वर्षं मागं घातली.

मला उत्तर नको. कडूबाईला मात्र एक कार्ड टाक. चतुराला आता वाचता येतं, ती वाचून दाखवेल.

वरील मजकूर खरा आहे.

लिहून देणार,
तुझा अब्बा
जैनोद्दीन